कौलाची वही

"यात तुझं जन्मस्थळ अछाम लिहिलंय," साळवीबाई म्हणाल्या. "अछाम कुठं आलं?"

"नेपाळात."

साळवीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. तहसील कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर त्या बसायच्या. माझ्यामागे रांगेत दहा-बारा माणसं होती आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे लागले होते.

"मग मी राष्ट्रीयत्वाचा दाखला कुठल्या देशाचा देऊ, बाळ?"

रांगेत कोणीतरी हसलं. मी मागे वळून त्या माणसाकडे असं पाहिलं, की त्यानं आपल्या हातातला अर्ज वाचायला घेतला. रागाला मी तेव्हाही कमी नव्हते.

दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता. मला एकोणिसावं वर्ष चालू होतं आणि मला पोलिसात जायचं होतं. सोनखोलच्या चढावर मी रोज सकाळी धावायचे, शाळेतून आणलेला जुना गोळा बागेत फेकायचे आणि फेकलेला गोळा शोधत आंब्यांखाली फिरायचे. भरतीला वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असा एकत्र दाखला लागायचा. अर्जाला बारा दिवस उरले होते. आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, मी आयुष्यात कधी न पाहिलेलं एक गाव माझं जन्मस्थळ म्हणून बसलं होतं.

मी त्यांना सांगितलं, की माझा जन्म सोनखोलला मुकादमशेठच्या आंब्याच्या बागेत झाला. वडील तिथं राखणदार आहेत. मी घरीच झाले, भागीरथी सुईणीच्या हातून. सुईण वारली. ग्रामपंचायतीत नोंद केली नाही, कारण नोंद करायची असते हे आईवडिलांना ठाऊकच नव्हतं.

साळवीबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला टेबलाच्या बाजूला बोलावून हळू आवाजात समजावलं. सत्त्याऐंशीच्या जुलैच्या आधी जो भारतात जन्मला तो भारताचा नागरिक, मग आईबाप कुठलेही असोत. कायदा तुझ्या बाजूनं आहे, त्या म्हणाल्या. फक्त इथं जन्मलीस हे दाखव. पाच जणांचा पंचनामा आण, आणि त्या वेळचा, त्या दिवसांत लिहिलेला एखादा कागद आण.

"कसला कागद?"

"कसलाही. पण तेव्हाचा पाहिजे. आता लिहून आणलेला चालणार नाही."

घरी आले तेव्हा वडील बागेत सुकलेल्या फांद्या तोडत होते. मी दाखला त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, की हे अछाम इथं आलं कसं. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि आठवून आठवून सांगितलं. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, धनबहादूर, गाव कुठलं? वडिलांनी सांगितलं, अछाम. त्यात त्यांचं काय चुकलं ते त्यांना कळेना. मुंबईत जन्मलेल्या इथल्या माणसालाही गाव विचारलं तर तो सोनखोलच सांगतो, हे त्यांनी इथंच पाहिलं होतं. गाव म्हणजे बापजाद्यांचं. गुरुजींनाही ते इतकं बरोबर वाटलं, की त्यांनी तेच जन्मस्थळाच्या रकान्यात उतरवलं. जन्मतारीख मात्र वडिलांना सांगता आली नव्हती. होळीच्या दिवशी झाली एवढंच त्यांनी सांगितलं, आणि गुरुजींनी जुनं पंचांग काढून सतरा मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी लिहिलं.

"तू जलमली इथं, पण गाव तर अछामच ना," वडील म्हणाले. "या सीझननंतर आपण जाऊच."

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. आंबे उतरले की जाऊ. पाऊस सरला की जाऊ. खोपटाच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात त्यांचा एक लोकरी कोट आणि टोपी होती. तो कोट रत्नागिरीच्या उकाड्यात कोणी घालेल का? पण दर वर्षी ते तो उन्हात घालायचे, झटकायचे आणि परत पेटीत ठेवायचे. मला त्या पेटीचा राग होता. तिच्यामुळे आम्ही कुठलेच नव्हतो असं मला वाटायचं.

आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिचं नाव तुळसा. तिची मराठी गावातल्या बायकांसारखीच झाली होती. ती एवढंच म्हणाली, की पोरीचं काम कर, जायचं मग बघू.

पुढचे तीन दिवस मी कागद शोधत फिरले. मुकादमशेठनी, धनबहादूर रावल हा माझ्याकडे सन ऐंशीपासून राखणदार आहे, असं पत्र दिलं. पण माझ्या जन्माचा कागद त्यांच्याकडे कुठून असणार. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात मी नव्हतेच. सरपंच आणि आणखी तिघं पंचनाम्यावर सही करायला तयार झाले. मात्र सरपंचांनी एक अट घातली. पहिली सही लखूआबांची हवी. त्यांची सही नसेल तर गावात कोणाचीच सही टिकत नाही.

लखूआबा म्हणजे लक्ष्मण गुरव, आमच्या ग्रामदेवीचे पुजारी. वय सत्तरच्या पुढे, अंगानं काटकुळे, बोलण्यात तोडून टाकणारे. देवीला कौल लावण्याचा मान त्यांचा. गावात काही अडलं, की देवीच्या दोन खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणण्यापासून लग्नापर्यंत लोक कौल घेऊनच पाऊल टाकायचे.

मी कागद घेऊन देवळात गेले. ते पायरीवर बसून समया घासत होते. त्यांनी कागद वाचला, सावकाश, ओळीवर बोट ठेवून, आणि परत दिला.

"ह्यात लिवलंय, मी सोता जानतो म्हनून. तुजा जल्म काय मी बगितला न्हाय. सही कशी करू?"

मी म्हटलं, आबा, सगळं गाव जाणतं. ते म्हणाले, मग सगळ्या गावानं करावी. न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांनी कधी सही केली नव्हती, मुलाच्या बदलीच्या कागदावरसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा समई हातात घेतली आणि चिंचेचा कोळ तिच्यावर चोळू लागले. माझ्याशी बोलणं त्यांच्या लेखी संपलं होतं.

मी घरी आले ती पाय आपटतच. आठ दिवस राहिले होते. आईला सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला नाही. उलट एक प्रकारे तिला पटलंच.

"त्यांच्याकडून मला आशा नव्हतीच," ती म्हणाली. "त्या दिवशी पालखी त्यांनीच फिरवली."

ही गोष्ट मला पाठ होती. दर शिमग्याला आई ती सांगायची. आमचं खोपटं वरच्या वाडीला जाणाऱ्या घाटीवर होतं. शिमग्यात देवीची पालखी त्याच वाटेनं वर जाते. मी पहाटे झाले, आणि सकाळी ढोल वाजू लागले. आई अंथरुणावर पडून ऐकत होती. ढोल जवळ येत येत खालच्या वळणापर्यंत आले, थांबले, आणि उलटे फिरले. भागीरथी सुईण खाली जाऊन आली आणि काही बोलली नाही. त्या वर्षी पालखी आमच्या वाटेनं आलीच नाही, खालच्या पाणंदीनं गेली. नंतरची अठरा वर्षं ती आमच्यासमोरून जायची, पण थांबायची नाही. वरच्या वाडीत घरोघरी अंगणात नाचायची आणि आमच्या समोरून नुसती जायची. आई तरीही दर वर्षी पहाटे उठून रांगोळी काढायची. दारात काढायची नाही. वाटेच्या कडेला काढायची, पालखी जिथून जाते तिथं. "जाता जाता तिची नजर पडली तरी पुष्कळ," असं म्हणायची. मला ते बघवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा देवळात गेले. या वेळी सही मागायला गेले नव्हते, भांडायला गेले होते.

लखूआबा गाभाऱ्यासमोर फुलं निवडत होते. मी उभ्यानंच सुरुवात केली. म्हटलं, माझा जन्म तुम्ही पाहिला नाही म्हणता. मग माझ्या जन्माच्या दिवशी पालखी आमच्या वळणावरून परत कशी फिरवलीत? तेव्हा माझी आई तुम्हाला दिसली नाही, पण आम्ही परके आहोत हे बरं दिसलं. एकोणीस वर्षं तुमची देवी आमच्या दारावरून तोंड फिरवून जाते. माझी आई मातीत बसून रांगोळी काढते आणि तुम्ही तिच्यावरून चालत जाता. आज एका सहीसाठी तुम्हाला सत्य आठवलं.

माझा आवाज देवळात घुमला आणि मग मला जरा भीती वाटली. लखूआबांच्या हातातली फुलं तशीच राहिली.

"होळीचा दिस होता?" त्यांनी विचारलं.

"होय."

"साल कंचं?"

मी साल सांगितलं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. गाभाऱ्याच्या मागे एक लाकडी पेटारा होता. तो त्यांनी उघडला आणि लाल फडक्यात बांधलेल्या वह्या बाहेर काढल्या. देवीला लावलेला प्रत्येक कौल त्यांच्याकडे लिहून ठेवलेला असायचा. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत होती ती. गावात थोड्यांनाच हे माहीत होतं, आणि मला तर नव्हतंच. त्यांनी एक वही उघडली, पानं उलटली, डोळ्यांजवळ नेली आणि मग माझ्याकडे दिली.

"तूच वाच. तुजे डोले बरे हायत."

अक्षर त्यांचंच होतं, बोरूनं लिहिल्यासारखं जाड. मी मोठ्यानं वाचलं.

"फाल्गुन शुद्ध पौर्णिमा, शके १९०५. मुकादमांचे बागेतील राखणदार धनबहादूर याचे घरी आज पहाटे कन्या झाली, असे भागीरथी सुईणीने वळणावर येऊन सांगितले. पालखी देवळात परत आणली. परमुलखातील माणसाचे सोयर गावास लागत नाही, पालखी त्याच वाटेने न्यावी, असे मानकऱ्यांचे म्हणणे पडले. सोयर पाळावे काय, असा देवीस कौल लावला. कौल उजवा. सोयर पाळावे. पालखी खालच्या पाणंदीने नेली."

वाचून झाल्यावर मी ते पुन्हा मनात वाचलं. सोयर म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरात मूल जन्मलं की त्या कुटुंबाला दहा दिवस देवधर्म वर्ज्य. पण ते ज्याच्या त्याच्या भावकीपुरतं असतं. वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या घरी बाळंतपण झालं म्हणून कोणी पालखी अडवत नाही.

"परक्याचा सोयर कोन पाळतो?" लखूआबा म्हणाले. "आपल्या मानसाचा पाळतात. मानकरी सगळे म्हनत होते, सरळ जाऊ या, ती मानसं आपली न्हायत. देवी म्हनाली, आपली हायत."

मी खाली बसले. एकोणीस वर्षं आईनं जो अपमान उराशी धरला होता, तो या वहीत उलटाच लिहिलेला होता.

"मग पुढं कधीच का थांबली नाही पालखी?" मी विचारलं. आता माझ्या आवाजात भांडण नव्हतं.

"तुज्या बापसानं नारळ कदी ठेवला?"

मग त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. गावात नवीन घर झालं, की फाल्गुन पंचमीला घरच्या कर्त्या माणसानं देवळात येऊन मानकऱ्यांसमोर नारळ ठेवायचा असतो. तेव्हा त्याचं घर वहीत चढतं आणि पालखी त्याच्या दारात येते. बोलावल्याशिवाय देवी कोणाच्या अंगणात जात नाही. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, मी म्हटलं. गावातल्या प्रत्येकाला हे जन्मापासून ठाऊक असतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही.

"आमाला वाटलं, ह्यांचा देव येगळा असंल. ह्यांना नको असंल," ते म्हणाले. "तुज्या आयशीची रांगोळी मी दर साली बगायचो. मनात म्हनायचो, रांगोळी येते नि नारळ कसा येत न्हाय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. एकाच वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं एकोणीस वर्षं एकमेकांची वाट बघत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपण नको आहोत.

आपल्याच हातची नोंद सापडल्यावर लखूआबांनी पंचनाम्यावर सही केली. पण वही कचेरीत न्यावी लागणार होती आणि वही देवळाबाहेर कधीच गेली नव्हती. मी घाबरत विचारलं, की बाहेर न्यायला कौल लावावा लागेल का. मला पाकळीची भीती वाटत होती, खरं सांगायचं तर.

"एकदा दिलेला कौल पुन्ना इचारत न्हाईत," ते म्हणाले आणि वही फडक्यात बांधू लागले.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. आबा धुतलेलं धोतर नेसून, वही मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत कंडक्टरनं ती वर ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कचेरीत साळवीबाईंनी ती नोंद दोनदा वाचली. मग उठून शेजारच्या टेबलावरून जुनं पंचांग मागवलं, शके आणि तिथी ताडून पाहिली आणि सतरा मार्च निघाल्यावर माझ्या शाळेच्या दाखल्यावर पेन्सिलीनं बारीक खूण केली. साहेबांकडे त्या स्वतः आत गेल्या. अर्ध्या तासानं त्या परत आल्या आणि म्हणाल्या, की असा पुरावा त्यांच्या नोकरीत पहिलाच.

चौथ्या दिवशी दाखला हातात आला. राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय' असं टंकलेलं होतं. मी तो कागद बागेत नेऊन वडिलांना दाखवला. त्यांनी हात पुसून तो घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून ठेवला, आणि परत दिला.

आता नारळ राहिला होता. मी म्हटलं, बाबा, पंचमीला देवळात चला. ते तयार होईनात. मी दोन दिवस भुणभुण केली, तेव्हा कुठं त्यांच्या मनातलं बाहेर आलं.

"नारळ ठेवला, तर घर इथं झालं. मग माझं गाव काय? तिथं पण माझं देवता आहे. त्यानं विचारलं, धनबहादूर, तू कुठलं, तर मी काय सांगू?"

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ज्या पेटीचा मला राग होता, ती पेटी म्हणजे त्यांच्याजवळ उरलेलं सगळं गाव होतं. आणि मी माझा दाखला मिळवून त्यांना ती फेकून द्यायला सांगत होते. मला माझीच शरम वाटली. मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते सांगा. पण आईसाठी चला.

पंचमीला ते आले. गावातले मानकरी ओळीनं बसले होते. मार्चच्या त्या उकाड्यात माझे वडील तो लोकरी कोट आणि टोपी घालून उभे राहिले. घामानं नुसते निथळत होते. कोणी हसलं नाही. त्यांनी नारळ ठेवला. लखूआबांनी वही उघडली आणि प्रत्येकाला विचारतात तसं विचारलं.

"नाव?"

"धनबहादूर कालू रावल."

"गाव?"

शाळेत गुरुजींनी विचारलेला तोच प्रश्न होता. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे.

"गाव अछाम," ते म्हणाले. "घर सोनखोल."

एक मानकरी कुजबुजला, की वहीत एकच लिहितात. लखूआबांनी त्याच्याकडे न बघता दोन्ही लिहिलं, आणि मग वही फिरवून त्यालाच वाचायला दिली.

पोलीस भरतीत त्या वर्षी मी गोळाफेकीत दोन गुणांनी गेले. पुढच्या वर्षी भरती झाले. आता हवालदार आहे, किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात. दर मोसमात बोटींवर काम करायला आलेले नेपाळी खलाशी नोंदणीसाठी माझ्यासमोर उभे राहतात. फॉर्मात गावाचा एकच रकाना आहे. मी दोन प्रश्न विचारते, आणि दुसरं उत्तर समासात लिहिते. वरचे साहेब विचारतात, हे काय. मी सांगते, आमच्याकडे पद्धत आहे.

पण मला आठवते ती त्या शिमग्याची सकाळ. मी पहाटे उठून बाहेर आले, तर सगळं ठाऊक असूनही आई नेहमीच्या सवयीनं वाटेच्या कडेला उकिडवी बसली होती. खालून, देवळाकडून ढोलाची पहिली थाप ऐकू येत होती. तिची रांगोळी अर्धी झाली होती.

"आई," मी म्हटलं, "यंदा दारात."

तिनं वर पाहिलं. मग वाटेकडे पाहिलं, मग घराच्या उंबऱ्याकडे. अर्धी रांगोळी तिनं हाताच्या तळव्यानं पुसली, डबा उचलला आणि ती उठली.